वाशिष्ठीच्या पूररेषेत घर बांधायचंय? आधी पातळी बघा, मग अर्ज करा

कुंभार्ली घाट उतरून आलं की वाशिष्ठी नदीकाठचं चिपळूण. इथे प्लॉट असेल तर आर्किटेक्टकडे जाण्याआधी एक गोष्ट बघून घ्यावी लागते: जागा कुठल्या पूररेषेत येते? २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं ते गावातलं पोरही भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. नगरपरिषद मात्र जलसंपदा विभागाचा नकाशा धरून चालते.

नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून कुणी निर्धास्त होऊ नये. दरवर्षी एक टक्का म्हटलं तरी ३० वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेच्या पुरासाठी हाच आकडा ७१.

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, पार्किंग, उघडी भाजी मंडई असे वापर चालतात, नवं घर चालत नाही. जुनं अधिकृत घर पाडून पुन्हा बांधता येतं, पण त्यासाठी जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला लागतो आणि जोतं, म्हणजे घराच्या तळमजल्याची जमीन, लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवावं लागतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात नवं बांधकाम करता येतं, जोत्याची अट तीच.

‘अधिकृत’ हा शब्द नीट वाचा. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, मग ती आजोबांच्या नावाची का असेना. जुना मंजूर नकाशा किंवा भोगवटा प्रमाणपत्र शोधून ठेवा. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशाची ‘क’ प्रत, झोन दाखला (विकास आराखड्यात जागा कुठल्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि प्रस्तावित आराखडा लागेल.

सगळ्यात जास्त घोळ पातळीत होतो. लाल रेषेची उंची गावभर एकच नसते. नदीवर ठरावीक अंतरावर छेद, म्हणजे पात्राची आडवी मोजमापं, घेतलेले असतात आणि वरच्या अंगाला पातळी जास्त, खालच्या अंगाला कमी असते. त्यामुळे शेजारच्या आळीतला आकडा उचलून चालत नाही. तुमच्या जागेलगतच्या छेदाची पातळी घ्या आणि अभियंत्याकडून बेंचमार्कपासून (उंची आधीच मोजलेल्या पक्क्या खुणेपासून) प्लॉटचा तलांक, म्हणजे जमिनीची उंची, काढून घ्या. समजा लाल पातळी ७.८० मीटर आणि जमीन ६.५० मीटरवर आहे. मग जोतं ८.२५ वर, म्हणजे जमिनीपासून १.७५ मीटर, जवळजवळ पावणेसहा फूट! अंगणातून घरात जायला दहाएक पायऱ्या. हे खर्चात आधीच धरा. छेदाचा आकडा सहज मिळाला नाही, तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागता येतो.

“नदीकाठी संरक्षक भिंत झाली की आपण रेषेबाहेर,” असं हमखास ऐकायला मिळतं. भिंतीने रेषा आपोआप सरकत नाही. जलसंपदा विभागाने नव्याने अभ्यास करून सुधारित नकाशा लागू केला तरच सरकते. शिवाय वाशिष्ठीत भरतीचं पाणी चढतं, कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणीही याच नदीत येतं. नदी फुगलेली असताना गावातून येऊन वाशिष्ठीला मिळणाऱ्या शिवनदीचं आणि गावात पडलेल्या पावसाचं पाणी भिंतीच्या आतच तुंबू शकतं. म्हणून नदीचं पाणी उलटं आत येऊ न देणाऱ्या झडपा आणि आतलं पाणी उपसणारे पंप यांच्याशिवाय नुसती भिंत मागू नये. अशी मागणी एकट्या घरमालकाच्या अर्जापेक्षा नगरपरिषदेच्या ठरावातून जलसंपदा विभागाकडे गेलेली बरी. तेव्हा आधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठा.