ओस पडलेला रस्ता आणि पेट्झवालचं भिंग

फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधल्या एका बुलव्हारचा फोटो घेतला. दिवसाढवळ्याचा, वर्दळीचा रस्ता, पण फोटोत तो ओस दिसतो. खालच्या कोपऱ्यात तेवढा एक माणूस उमटलाय, कारण तो पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेत उभा होता. बाकीची माणसं आणि घोडागाड्या चालत राहिल्या, म्हणून फोटो उमटायचा त्या चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर त्यांचा मागमूसही उरला नाही. एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. अशा कॅमेऱ्यासमोर जिवंत माणसाचा चेहरा टिपायचा कसा?

दोष नुसता रसायनांचा नव्हता. दागेर वापरायचा ते पॅरिसच्या शेवालिये या भिंगकाराचं भिंग पूर्ण उघडं ठेवलं, तर कडेने आत शिरणारे किरण मधल्या किरणांच्या अलीकडेच एकत्र येत आणि चित्र धूसर होई. म्हणून पुढे बारीक भोकाची चकती लावायची. चित्र रेखीव यायचं, पण उजेड जायचा.

हे कोडं व्हिएन्ना विद्यापीठातल्या जोसेफ पेट्झवालने हाती घेतलं. तो गणिताचा प्राध्यापक होता, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. तोवर कारागीर भिंग घासायचा, बघायचा, पुन्हा घासायचा. पेट्झवालने काच घासण्याआधी किरणांचा हिशेब मांडला. आकडेमोड प्रचंड होती, म्हणून ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या आर्चड्यूक लुडविगने तोफखान्यातली गणितात तरबेज माणसं त्याच्या मदतीला दिली. तोफगोळ्यांचे हिशेब करणारे हात प्रकाशाच्या वाटा मोजू लागले!

१८४० मध्ये व्हिएन्नातला भिंगकार फॉइग्टलँडर याने ते भिंग घडवलं. पुढे चिकटवलेली जोडी, मागे फट ठेवलेली जोडी, अशा एकूण चार काचा. नाभीय अंतर सुमारे १५० मिलिमीटर आणि तोंड साधारण ४२ मिलिमीटर, म्हणजे एफ-३.६ (नाभीय अंतराला तोंडाच्या रुंदीने भागून येणारा आकडा). शेवालियेचं भिंग चकती लावून एफ-१६ च्या आसपास चाले. हा आकडा लहान होतो तसा उजेड वर्गाच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे इथे जवळजवळ वीसपट. जिथे वीस मिनिटं लागत, तिथे एक मिनिट पुरू लागलं. त्याच सुमारास पत्र्यावरची रसायनंही सुधारली आणि वेळ सेकंदांवर आला. स्टुडिओत माणसं फोटोसाठी बसू लागली. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार मात्र अजून लागायचाच.

भिंगात उणीव होती. प्रतिमा सपाट न पडता वाटीसारखी वळायची, त्यामुळे मध्य लख्ख आणि कडा धूसर दिसत; शिवाय कडेची पार्श्वभूमी गरगरल्यासारखी भासे. चेहरा मध्येच असायचा, म्हणून पोर्ट्रेटवाल्यांचं काही अडलं नाही. आज काही फोटोग्राफर तर मुद्दाम त्या गरगरीसाठी हे भिंग शोधतात.

फॉइग्टलँडरने पेट्झवालला एकरकमी २००० गुल्डन (तेव्हाचं ऑस्ट्रियाचं चलन) दिले होते. भिंगाचा खप वाढला तसा दोघांत वाद पेटला आणि फॉइग्टलँडरने १८४९ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला कारखाना काढला. पेट्झवालने आपले निष्कर्ष १८४३ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत छापले होते, पण सविस्तर सिद्धांताचं हस्तलिखित १८५९ मध्ये घरफोडीत गेलं. प्रतिमेच्या त्या वाटीला, त्याला पुरती न घालवता आलेल्या दोषाला, भिंगं आखणारे आजही पेट्झवाल वक्रता म्हणतात.