फाइल ब्राउझरबाहेर जायलाच कशाला हवी?

फोटो लहान करून किंवा पीडीएफ जोडून देणाऱ्या वेबसाइटवर फाइल चढवताना, पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ दिसलं की आपली फाइल सुरक्षित, हा समज फार घट्ट बसलेला आहे. प्रत्यक्षात ते संरक्षण फक्त वाटेपुरतं असतं. तुमच्याकडून सर्व्हरकडे जाताना फाइल मधल्या कुणाला वाचता येत नाही. सर्व्हरवर मात्र ती उघडतेच, कारण उघडल्याशिवाय तिच्यावर काम कसं करणार? पुढे तिची प्रत तिथे राहिली का, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. ‘मिलिटरी-ग्रेड एन्क्रिप्शन’, ‘तासाभरात फाइल डिलीट’ अशा जाहिराती आणि मंतरलेला ताईत यांत मला काडीचाही फरक दिसत नाही.

फोटो लहान करणं, पीडीएफ जोडणं, फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेलं ठिकाण पुसणं ही कामं आजचा ब्राउझर स्वतःच करू शकतो. पान उघडलं की प्रोग्रॅम तुमच्याकडे येतो आणि फाइल तर आधीपासून तुमच्याकडेच असते. तुम्ही निवडलेली तेवढीच फाइल त्या प्रोग्रॅमला वाचता येते, बाकीच्या डिस्कला तो हात लावू शकत नाही.

ठिकाण पुसण्याचंच उदाहरण घेऊ, कारण ते फार सुंदर आहे. जेपेग फाइल (फोटोंचा नेहमीचा प्रकार) म्हणजे ० ते २५५ या आकड्यांची लांबलचक रांग; असा प्रत्येक आकडा म्हणजे एक बाइट. पहिले दोन आकडे नेहमी २५५ आणि २१६. त्यानंतर एकामागून एक भाग येतात. प्रत्येक भागाच्या आरंभी दोन बाइटची खूण असते आणि तिच्यामागे दोन बाइटमध्ये लांबी. समजा ते लांबीचे बाइट ३५ आणि ४० आहेत. ३५ × २५६ + ४० = ९०००. लांबी जिथे लिहिली आहे तिथून ९००० बाइट पुढे गेलं की थेट पुढच्या भागाची खूण सापडते, मधलं काहीही वाचावं लागत नाही.

२५५, २२५ ही खूण दिसली की तिथे बहुधा एक्झिफ नोंद असते: कॅमेरा, वेळ आणि अक्षांश-रेखांश. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, आणि सेकंदाचे अपूर्णांकही त्यात बसतात. म्हणजे घर ओळखता येईल इतकी माहिती! आपला प्रोग्रॅम या खुणेचे भाग वगळतो आणि बाकीचे जसेच्या तसे नव्या फाइलमध्ये उतरवतो. २५५, २१८ आली की त्यापुढे प्रत्यक्ष चित्राची माहिती; ती तशीच घ्यायची. चित्र पुन्हा कॉम्प्रेस होत नाही, त्यामुळे दर्जा तिळमात्रही घसरत नाही.

सरसकट सगळे भाग मात्र उडवायचे नाहीत. २५५, २२६ मध्ये सहसा रंगांचं प्रोफाइल, म्हणजे रंग नेमके कसे दाखवायचे याची नोंद, असतं. ते गेलं तर रंग वेगळे दिसू शकतात. शिवाय फोटो उभा की आडवा ही नोंद एक्झिफमध्येच असते (टॅग क्रमांक २७४). ती गेली की उभा फोटो आडवा पडतो. म्हणून फक्त तेवढी एक नोंद असलेला छोटा एक्झिफ भाग नव्याने लिहावा लागतो.

व्हिडिओसारख्या जड कामांसाठी वेबअसेंब्ली, म्हणजे ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम वेगाने चालवण्याची सोय, आहे. २०१९ साली ते अधिकृत वेब मानक झालं. फाइल खूप मोठी असेल तर मेमरी अपुरी पडते, हे खरं.

‘फाइल बाहेर जात नाही’ हाही दावाच. पण तो तपासता येतो. प्रायव्हेट विंडोत पान उघडा, इंटरनेट बंद करा, काम करून पाहा, आणि सगळ्या प्रायव्हेट विंडो बंद केल्यावरच इंटरनेट चालू करा. विंडो बंद करण्याचा आग्रह अशासाठी की लबाड पान फाइल साठवून नंतर पाठवू शकतं; प्रायव्हेट विंडो बंद झाल्या की ती साठवण पुसली जाते. इंटरनेट चालू ठेवूनच बघायचं असेल तर डेव्हलपर टूल्समधल्या (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) नेटवर्क टॅबवर लक्ष ठेवा. पानाने सर्व्हरकडे केलेल्या विनंत्या सहसा तिथे उमटतात.

एक फट तरीही उरते. पान दर वेळी सर्व्हरवरून येतं, म्हणजे आजचा सरळ प्रोग्रॅम उद्या बदललेला असू शकतो. म्हणून अशी साधनं बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सगळा प्रोग्रॅम एकाच एचटीएमएल फाइलमध्ये ठेवा. बाहेरचे फॉन्ट नकोत, ॲनालिटिक्स (वापराची मोजदाद करणारा कोड) नको. ती फाइल वापरणाऱ्याने एकदा उतरवून घेतली की तिच्यातली एक ओळही तुम्हाला परस्पर बदलता येणार नाही.