दुव्यांचा ब्लॉग : एका नावाची पार्श्वभूमी

‘लिंकब्लॉग’, म्हणजे इतर पानांचे दुवे (लिंक) दिनांकाने नोंदवणारा ब्लॉग, ही आज ब्लॉगची एक छोटी शाखा समजली जाते, पण इतिहास याच्या उलट आहे. मूळ झाड दुव्यांचेच होते आणि आज ज्याला नुसते ‘ब्लॉग’ म्हणतात ती त्याची नंतर फुटलेली फांदी होय. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतील एका वाचकाने आपल्या पानासाठी ‘वेबलॉग’ हा शब्द योजला तेव्हा त्याला दैनंदिनी अभिप्रेत नव्हती. जहाजावरच्या नोंदवहीप्रमाणे, आंतरजालावरच्या भटकंतीत जे जे चांगले भेटले त्याची क्रमवार नोंद ठेवावी, एवढाच त्या शब्दाचा आवाका होता. तशी पाने त्याआधीही होती. एका अमेरिकी संगणन केंद्राचे ‘नवीन काय’ सांगणारे पान जून १९९३ पासून तीन वर्षे चालले. शिवाय सर्व्हरवर आपोआप साठणाऱ्या नोंदींनाही ‘वेब लॉग’च म्हणत, त्यामुळे नावाचा घोळ अगदी जन्मापासूनचा आहे.

१९९९ च्या आरंभी अशा पानांची जी यादी फिरत होती, तिच्यात जेमतेम २३ नावे होती. यादीत कोणाला घ्यायचे हा प्रश्न पुढे आला तेव्हा एका संकलकाने सोपी कसोटी लावली : तारखेनिशी नोंदी असल्या की पुरे. कसोटी उदार होती, पण तिने आशय सोडून नुसता आकार धरला. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये फुकट मिळणारी ब्लॉगलेखनाची साधने आली. त्यांच्या कोऱ्या चौकटीत दुवा द्यावा अशी अट नव्हती, आणि लोक साहजिकच स्वतःविषयी लिहू लागले. मोबाइल आल्यावर घरातल्या फोनला जसे ‘लँडलाइन’ म्हणावे लागले, तशीच मूळ वस्तूला ओळखण्यासाठी ‘लिंकब्लॉग’ या वेगळ्या नावाची गरज पडली.

खरी गुंतागुंत मात्र शीर्षकाची आहे. साध्या ब्लॉगवर शीर्षकावर टिचकी मारली की त्याच नोंदीचे पान उघडते. लिंकब्लॉगवर बहुधा थेट दुसऱ्याचा लेख उघडतो. पडद्यावर हा भेद निभावून जातो, फीडमध्ये, म्हणजे नव्या नोंदी वाचकाच्या साधनापर्यंत आपोआप पोचवणाऱ्या यादीत, मात्र तो अडचणीचा ठरला. आरएसएस या फीडच्या ठरावीक मांडणीत प्रत्येक नोंदीला दुव्यासाठी एकच जागा होती, आणि ती जागा नोंदीच्या स्वतःच्या पत्त्याची की नोंद ज्याच्याविषयी आहे त्या पानाची, हे नियमावलीच्या मोघम शब्दांतून ठरत नव्हते. बातम्यांच्या संकेतस्थळांना हा प्रश्न पडलाच नाही, कारण त्यांच्या बाबतीत दोन्ही पत्ते एकच होते. दुवे देणाऱ्यांपैकी काहींनी तिथे बाहेरचा पत्ता घातला, काहींनी स्वतःचा. २००२ मध्ये आरएसएसच्या नव्या आवृत्तीने नोंदीला स्वतंत्र ओळखचिन्ह दिले आणि ते कायमच्या पत्त्याचेही काम करू शकेल अशी सोय केली. म्हणजे दुव्याची जागा बाहेरच्या पानासाठी मोकळी झाली. तरीही फीड वाचणारी कित्येक साधने जुन्याच समजुतीने चालत राहिली. डिसेंबर २००५ मध्ये प्रमाणित झालेल्या ॲटम या फीडच्या दुसऱ्या मांडणीने दुव्यांना नाती दिली : ही नोंद जिथे वाचता येते तो दुवा निराळा, संबंधित पानाचा निराळा आणि ज्याच्याकडून माहिती मिळाली त्याच्या श्रेयाचा निराळा. यावर वाद मिटायला हवा होता. प्रत्यक्षात काही नामांकित लिंकब्लॉगांनी पहिली दोन नाती चक्क उलटी वापरली, कारण वाचकाने शीर्षकावरून थेट बाहेर जावे हाच त्यांचा आग्रह होता. हा आग्रह नियमाशी विसंगत असला तरी लिंकब्लॉगची याहून नेमकी व्याख्या कोणत्याही कोशात सापडणार नाही, असे वाटते.

याच काळात शेजारची नावेही वाढली. सप्टेंबर २००३ मध्ये डिलिशियस हे वाचनखुणा (बुकमार्क) साठवण्याचे संकेतस्थळ सुरू झाले आणि त्या खुणा सार्वजनिक झाल्या. वाचनखूण स्वतःला पुन्हा सापडावी म्हणून विषयवार लावलेली असते, तर लिंकब्लॉगमधली नोंद इतरांनी आज वाचावी म्हणून दिनांकाने लावलेली असते. पण डिलिशियसवरची ताजी यादी अनेकांनी आपल्या ब्लॉगच्या कडेला लावल्यावर ही सीमाही पुसट झाली. एप्रिल २००५ मध्ये ‘टंबललॉग’ हा शब्द आला. दुवा, चित्र, अवतरण, संवादाचा तुकडा असे काहीही, फारसे भाष्य न करता, ओळीने मांडणे हे त्याचे लक्षण होय. त्यात दुवा हा अनेकांपैकी एक घटक असतो, म्हणून दोन्ही संज्ञा एक मानणे चूक आहे. २००७ मध्ये टंबलर ही ब्लॉगसेवा आल्यावर तो शब्द सेवेच्या नावात विरला आणि बाहेरच्या पानाकडे बोट दाखवण्याऐवजी तिथल्याच नोंदी पुढे ढकलण्याची रीत रूढ झाली.

मराठीत ब्लॉग आला तोपर्यंत दैनंदिनीचा अर्थ पक्का झाला होता. ‘अनुदिनी’ आणि रोजनिशीवरून घडवलेली ‘जालनिशी’ या दोन्ही संज्ञा सुरेख असल्या तरी दोन्ही रोजच्या लेखनाकडे झुकतात. त्यांत दुव्याला जागाच नाही. वास्तविक ‘दुवा’ हा मराठी आंतरजालावर चांगला रुळलेला शब्द आहे, आणि आशीर्वाद हा त्याचा दुसरा अर्थही कोणाला अडसर वाटलेला नाही. परंतु दुव्यांच्या नोंदवहीला त्यावरून घडवलेले नाव रूढ झाले नाही, आणि ‘लिंकब्लॉग’ हाच शब्द देवनागरीत तसाच लिहिला जातो.