नफा आणि व्यवसायनीती, तंत्रज्ञान-उद्योगातील

नफा आणि व्यवसायनीती, तंत्रज्ञान-उद्योगातील : संगणक, दूरसंचार व माहिती-सेवा क्षेत्रांतील कंपन्यांनी नफा मिळवताना भागधारकांखेरीज कोणाचे हित पाहावे, यासंबंधीचा विचार व व्यवहार. येथे तो प्रामुख्याने ठाणे-नवी मुंबई पट्ट्याच्या संदर्भात घेतला आहे.

नफा हेच कंपनीचे एकमेव कर्तव्य, या कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अनेक जण तो अमेरिकेतील डॉज विरुद्ध फोर्ड मोटर कंपनी या खटल्यात (1919) शोधतात. हेन्री फोर्ड यांनी गाड्यांच्या किमती उतरवून कारखाना वाढवण्याचे ठरवले व विशेष लाभांश थांबवला. तेव्हा सुमारे दहा टक्के भाग असलेले डॉज बंधू न्यायालयात गेले. कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी चालवायची असते, असे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि लाभांश देण्याचा आदेश दिला. कारखान्याची वाढ रोखण्यास मात्र त्याने नकार दिला. निकालाचा हा भाग क्वचितच उद्धृत होतो. कंपनी-कायद्याच्या अमेरिकी अभ्यासक लिन स्टाउट यांच्या मते नफ्याविषयीचे ते वाक्य केवळ प्रासंगिक, बंधनकारक नसलेला शेरा असून मूळ वाद बहुमतवाल्या भागधारकाने अल्पमतवाल्यांच्या केलेल्या अडवणुकीचा होता. निकालाचा एकूण रोख पाहता हे मत अधिक पटण्याजोगे आहे. 1931-32 मध्ये अमेरिकी कायदेपंडित ॲडॉल्फ बर्ल व मेरिक डॉड यांच्यात याच प्रश्नावर वाद झाला. ती कल्पना सर्वतोमुखी झाली ती बहुधा अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या 1970 मधील लेखामुळे. फसवणुकीविना, खेळाचे नियम पाळून नफा वाढवावा, ही अट फ्रीडमन यांनीही घातली होती. त्यांचे अनुयायी ती पुष्कळदा गाळतात.

भारतात महात्मा गांधींनी विश्वस्तवृत्तीचा, म्हणजे धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव मानून सांभाळावी असा विचार मांडला. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 166 नुसार संचालकांनी भागधारकांबरोबरच कर्मचारी, समाज व पर्यावरण यांचेही हित पाहावयाचे आहे. कलम 135 अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक दायित्वापोटी खर्च करावयाचे असून त्यात स्थानिक क्षेत्राला प्राधान्य आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 मध्ये झाली. ठाण्यातील वागळे इस्टेट व खाडीपलीकडील ठाणे-बेलापूर पट्टा येथे प्रारंभी अभियांत्रिकी व रासायनिक कारखाने आले. पुढे ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या गावांच्या परिसरात माहिती-तंत्रज्ञान उद्याने व विदा (डेटा) साठवणारी विदा केंद्रे उभी राहिली. अशा उद्यानांना राज्याच्या धोरणानुसार अतिरिक्त चटईक्षेत्र (त्याच भूखंडावर अधिक बांधकामाची मुभा) मिळत आले आहे. म्हणजे येथील नफ्याचा काही भाग संगणकाचा, तर काही जमिनीचा. विदा केंद्राला वीज पुष्कळ लागते, माणसे थोडी. रोजगाराच्या आशेने जमिनी दिलेल्या आगरी-कोळी गावांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तेथून अमेरिकी नागरिकांकडून पैसे उकळले जात होते. हा उघड गुन्हा असल्याने व्यवसायनीतीच्या चर्चेत तो सहसा धरत नाहीत. तथापि हाती दिलेली संहिता फोनवर वाचणाऱ्या पगारदार मुलामुलींचे दायित्व कितपत, हा प्रश्न नीतीचाच आहे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विदा कोणत्या हेतूने व कशी वापरायची हे ठरवणाऱ्याला हा अधिनियम विश्वस्तासारखे स्थान देतो आणि मुख्य जबाबदारी त्याच्यावरच टाकतो. त्याच्या वतीने महापे वा रबाळे येथे ती साठवणारी कंपनी या विश्वस्ताच्या व्याख्येत बसत नाही. तिच्यावरचे बंधन मुख्यतः दोघांतील करारातून येते.