टॉर्च, हेडलाइट आणि फवारणी पंपासाठी लिथियम सेल निवडताना
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत वीज आली की हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला अंधारातच निघावे लागते, आणि त्या वेळी हातातला टॉर्च किंवा डोक्याला लावलेला हेडलाइट ही चैन नसून गरज असते. अशा टॉर्चचा सेल घ्यायला आलेले बहुतेक ग्राहक आम्हाला प्रथम "सर्वांत जास्त एमएएचचा कोणता?" असे विचारतात. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते याचे माप. आमच्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. सेल कोणत्या जातीचा आहे, तो कोणत्या चार्जरवर लावणार आणि त्याचे आवरण शाबूत आहे का, हे आधी पाहावे. कारण प्रकाश कमी पडल्याने होणारे नुकसान थोडे असते, पण चुकीचा सेल पेटला तर आखाड्यावरचा कडबा आणि घर दोन्ही जाऊ शकतात.

टॉर्चमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेलला १८६५० म्हणतात. त्यातील १८ म्हणजे मिलिमीटरमधील व्यास, ६५ म्हणजे लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. याच पद्धतीने २१७०० हा सेल २१ मिलिमीटर जाड व ७० मिलिमीटर लांब असतो. येथे एका सेलबद्दल वेगळी सूचना द्यावीशी वाटते. १४५०० हा लिथियम सेल दिसायला व मापाला आपल्या नेहमीच्या पेन्सिल सेलसारखाच असतो, परंतु पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा आणि हा ३.७ व्होल्टचा असतो. भिंतीवरच्या घड्याळात, रिमोटमध्ये किंवा मुलांच्या खेळण्यात तो बसतो म्हणून घालू नये, उपकरण जळते.

आता एमएएचच्या आकड्याविषयी. नामांकित कारखान्यांचे १८६५० आकाराचे सेल साधारणपणे २००० ते ३५०० एमएएच या दरम्यान असतात. एवढ्या लहान नळीत त्याहून फारसे भरता येत नाही. तेव्हा आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन ९८०० एमएएच असे छापलेला सेल स्वस्तात मिळाला, तर तो आकडा फक्त कागदावरचा आहे असे खुशाल समजावे. असे सेल पुष्कळदा जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढून, नवे रंगीत आवरण चढवून विकलेले असतात. किराणा दुकानातील नाजूक काट्यावर वजन करून पाहिले तरी अंदाज येतो: चांगला १८६५० सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो आणि त्याहून बराच हलका असलेला सेल संशयास्पद समजावा. मात्र वजन बरोबर भरले म्हणजे सेल चांगलाच, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

मोठा आकडा खरा असला तरी तो प्रत्येक कामाला योग्य असतोच असे नाही. ज्या सेलमध्ये साठा जास्त असतो, त्याची एकदम जास्त करंट देण्याची क्षमता बहुधा कमी असते; ज्याला जास्त करंट देता येतो, त्याचा साठा बहुधा २००० ते २५०० एमएएचच्या आसपास राहतो. साध्या हेडलाइटला १ अँपिअर लागत असेल, तर ३००० एमएएचचा सेल जवळजवळ तीन तास चालतो आणि तेथे जास्त साठ्याचा सेल योग्य ठरतो. लांब झोत टाकणारा मोठा टॉर्च किंवा ड्रिल मशिन यांना मात्र अधिक अँपिअरचाच सेल लागतो. क्षमतेपेक्षा जास्त करंट खेचला की सेल तापतो, आणि सतत तापणारा सेल आतून बिघडत जातो.

इलेक्ट्रॉनिक सिगारेटसाठी याच मापाचे सेल कधीकधी मागितले जातात. भारतात २०१९ च्या कायद्याने अशा सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आहे. त्या वापरासाठी आम्ही सेल देत नाही, कृपया आग्रह करू नये.

खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोची खूण अवश्य पाहावी. लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक लागू असून नोंदणी झालेल्या उत्पादनावर 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक मोबाइलवरील बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर नोंद आहे ते दिसते. आमच्या काउंटरवर उभे राहून आपण ही तपासणी केलीत तर आम्हाला राग येणार नाही.

सेलच्या आवरणाकडे ग्राहक फारसे लक्ष देत नाहीत, पण आम्ही सर्वांत आधी तेच पाहतो. या सेलचे संपूर्ण धातूचे कवच ऋण टोकाला जोडलेले असते, आणि वरच्या धन टोकाभोवतीही त्याच कवचाची कड असते. दोघांच्या मध्ये फक्त एक पातळ चकती व प्लॅस्टिकचे आवरण असते. ते आवरण फाटले, तर टॉर्चच्या आतील धातूला टेकूनच शॉर्ट होऊ शकतो. म्हणून चिरलेल्या आवरणाचा सेल वापरू नये, आणि सुटा सेल खिशात किल्ल्या व चिल्लर यांच्यासोबत कधीही ठेवू नये. आम्ही प्रत्येक सेलसोबत प्लॅस्टिकची डबी देतो, ती याचसाठी.

काही सेलच्या बुडाशी संरक्षक सर्किट बसवलेले असते. जास्त चार्जिंग, जास्त उतरणे किंवा शॉर्ट झाल्यास ते सेलचा प्रवाह तोडते, त्यामुळे घरगुती वापरासाठी आम्ही तोच सेल सुचवतो. मात्र सर्किटमुळे त्याची लांबी ६८ ते ७० मिलिमीटरपर्यंत जाते आणि तो काही टॉर्चमध्ये बसत नाही. तेव्हा टॉर्च सोबत घेऊन यावे. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक जुना व एक नवा असे मिश्रण करू नये, कारण कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलट्या दिशेने ढकलत राहतो.

चार्जर सेलच्या जातीला जुळणारा हवा. नेहमीचा ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, तर लिथियम आयर्न फॉस्फेट सेल ३.२ व्होल्टचा असून ३.६५ व्होल्टलाच भरतो. फॉस्फेट सेल तापमानाला अधिक टिकाऊ असतो आणि जास्त वेळा चार्ज होतो, परंतु त्याला ४.२ व्होल्टचा चार्जर लावणे चुकीचे आहे.

हीच अडचण फवारणी पंपात अधिक गंभीर होते. सोयाबीन व कपाशीच्या फवारणीच्या पंपात पूर्वीपासून १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी येते. तिच्या जागी हलका लिथियम पॅक बसवून घेणारे शेतकरी पुष्कळ आहेत, पण चार्जर मात्र जुनाच वापरला जातो. तीन सेलचा लिथियम-आयन पॅक १२.६ व्होल्टला भरतो. लेड-ॲसिडचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट. पॅकमधील बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट, चांगले असेल तर ते वाचवील, पण रोजचे काम त्याच्या भरवशावर सोडणे धोक्याचे आहे. पॅक बदलला की चार्जरही बदलावा. पॅक तयार करून घेत असाल, तर सेलवर थेट सोल्डर न करता निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडली आहे ना, हे कारागिराला विचारावे.

चार्जिंग ० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानातच करावे, असे बहुतेक उत्पादक सांगतात. मे महिन्यात मराठवाड्यात सावलीतच पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहून अधिक उकाडा असतो. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा, पण घरातील कोणी जागे असताना, फरशीवर करावे. गादीवर, कापसाच्या गंजीजवळ किंवा फवाऱ्याच्या औषधांशेजारी करू नये. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर सेल ठेवणेही टाळावे. हंगाम संपल्यावर सेल पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा न ठेवता साधारण निम्मा भरून थंड जागी ठेवावा. महिनोन्‌महिने पडून २.५ व्होल्टखाली गेलेला सेल दुसऱ्या बॅटरीची वायर लावून "जागा" करण्याचा प्रकार सर्रास चालतो. अशा सेलमध्ये आतले तांबे विरघळून नंतर आतच शॉर्ट होण्याचा संभव असतो. असा सेल पुन्हा वापरू नये.

चार्जिंग करताना सेलमधून फुस्स असा आवाज, गोडसर उग्र वास किंवा धूर आला तर बोर्डाचे बटण बंद करावे आणि सेल हातात धरू नये. वीज तोडल्यावर दुरून भरपूर पाणी ओतून त्याला थंड करावे. धूर विषारी असतो, म्हणून मुले व जनावरे यांना दूर न्यावे. आग विझलेली दिसली तरी असा सेल पुन्हा पेट घेऊ शकतो, त्यामुळे तो घरात परत आणू नये.

निकामी सेल उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नयेत. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ते आमच्या दुकानात आणून द्यावेत. ते कोठून घेतले होते हे आम्ही विचारत नाही, आणि त्याचे शुल्क नाही.