एलडीचं सर्टिफिकेट आधी, शाळेचा दाखला नंतर

वाचनात आणि गणितात अडकणाऱ्या मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलेले पालक प्रमाणपत्राचा आणि परीक्षेचा अर्ज भरायला माझ्याकडे येतात. फेटाळलेला अर्ज हातात घेतला की बहुतेकदा एकच गोष्ट दिसते: कामं उलट्या क्रमाने झालेली असतात. आधी शाळेचा दाखला काढला आणि मग अध्ययन अक्षमतेच्या तपासणीला गेले. व्हायला हवं होतं बरोबर उलटं.

अध्ययन अक्षमता, म्हणजे सगळे ज्याला एलडी म्हणतात ती, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. तिच्या तपासणीसाठी केंद्राने घालून दिलेली पद्धत शाळेपासूनच सुरू होते. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकांनी चाळणी करायची, मग शाळेच्या पत्रासह मूल बालरोगतज्ज्ञांकडे आणि तिथून मानसशास्त्रज्ञांकडे. त्यामुळे रुग्णालयात शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं, वह्या, तपासलेल्या उत्तरपत्रिका मागतात. घरी शिकणाऱ्या मुलाचा मुख्याध्यापक कोण, याचं उत्तर कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. आईने लिहून दिलेलं पत्र खिडकीवरूनच परत येतं.

म्हणून मूल पटावर असतानाच पत्र घ्या आणि तपासणी पूर्ण करा. वह्या रद्दीत देऊ नका! एका आईने पिशवीत चुकून राहिलेली दुसरीची गणिताची वही आणली होती. त्यात ‘एकोणतीस’ म्हटलं की मुलाने दरवेळी ३९ लिहिलेले, आणि बाईंनी प्रत्येकाभोवती लाल गोल काढून शेवटी ‘लक्ष द्या’ असा शेरा मारलेला. डॉक्टरांनी बाकीची फाइल बाजूला ठेवून ती वहीच आधी चाळली.

दाखला आधीच निघाला असेल तर जुन्या शाळेत जाऊन ‘अमुक इयत्तेपर्यंत आमच्याकडे होता, वाचन-लेखनात या अडचणी दिसल्या’ असं पत्र मागा. तोंडी नको, अर्ज देऊन पोच घ्या. देतात बऱ्याच शाळा, फक्त चकरा मारायला लावतात.

खासगी समुपदेशकाचा अहवाल म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. कितीही पैसे मोजले असले आणि अहवाल कितीही जाडजूड असला, तरी परीक्षेतल्या जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्रच लागतं. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरायचा आणि जिल्हा रुग्णालयाची किंवा वैद्यकीय महाविद्यालयाची तारीख घ्यायची. मुंबईत सायन, नायर, केईएम इथे एलडीची तपासणी होते. डोळे आणि कान आधीच तपासून कागद सोबत ठेवा, नाहीतर तेवढ्यासाठी एक फेरी वाढते. मूल मराठी माध्यमाचं असेल तर चाचणी कोणत्या भाषेत होणार, हे तारीख घेतानाच विचारा. इंग्रजी उताऱ्यावर अडखळणारं मराठी मूल डिस्लेक्सिक, म्हणजे वाचनाची अक्षमता असलेलं, आहे की त्याला इंग्रजी येत नाही, हे त्या कागदावरून कसं कळणार?

‘गृहाधारित शिक्षण’ हा सरकारी शब्द वाचून पुष्कळजण फसतात. समग्र शिक्षा योजनेतली ती सोय तीव्र किंवा बहुविकलांग मुलांसाठी आहे. आपल्या मुलांना ती लागू नाही, त्या अर्जात वेळ घालवू नका. घरी शिकवणं बेकायदा आहे का, असंही घाबरत विचारतात. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्याचं दहावं कलम पालकांचं कर्तव्य सांगतं, पण पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही.

आता वयाचा घोळ. आठव्या वर्षानंतर मिळालेलं प्रमाणपत्र केंद्राच्या पद्धतीनुसार १४ वर्षांपर्यंतच चालतं. मग फेरतपासणी, पुन्हा १८ला, आणि त्या वेळचं कायमचं. एनआयओएसच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, दहावीला प्रवेशही १४ पूर्ण झाल्यावरच मिळतो. म्हणजे ज्या वर्षी प्रमाणपत्र वापरायचं, नेमकं त्याच वर्षी ते संपतं. हे कोणी ठरवलं कोण जाणे. तेराव्या वाढदिवसानंतर लगेच फेरतपासणीच्या तारखेची चौकशी सुरू करा.

शिवाय १४ वर्षं अर्जाच्या दिवशी मोजत नाहीत. पुढच्या वर्षीच्या एप्रिलच्या परीक्षेसाठी पहिल्या सत्रात प्रवेश घेणाऱ्याचं वय प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ जानेवारीला, तर दुसऱ्या सत्रात ३१ जुलैला पूर्ण हवं. मार्चमध्ये १४चा झालेला मुलगा जूनमध्ये पहिल्या सत्राचा अर्ज भरतो आणि बाद होतो. त्याने दुसरं सत्र धरायचं. दहावीच्या आधीच्या इयत्तांसाठी एनआयओएसचे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष टप्पे आहेत, आणि राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी-आठवीही आहे.

दहावीच्या प्रवेशाला आधीचं शिक्षण नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं. जन्मतारखेचा पुरावा, आधार, फोटो हे नेहमीचंच. पाच विषय घ्यायचे आणि त्यांत गणित सक्तीचं नाही. इथे अर्ध्या घरांत सुटकेचा श्वास ऐकू येतो. पण पुढे अभियांत्रिकी डिप्लोमाची इच्छा असेल तर आत्ताच मुलाशी बोला, नंतर गणिताचा पेपर वेगळा द्यावा लागतो. दिव्यांगत्वाचा रकाना प्रवेश अर्जातच भरा. जादा वेळ आणि लेखनिक त्यावरच अवलंबून असतात, आणि ‘नंतर सांगू’ म्हणणाऱ्यांचं नंतर कोणी ऐकत नाही.

राज्य मंडळाचा १७ नंबरचा, म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरणार असाल तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. दाखला घेताना ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना वाचल्याशिवाय सही करू नका. ‘सतत गैरहजर’ असं लिहून टाकतात. ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहून घ्या.

नावाचंही पाहा. दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, जन्मदाखल्यावर कधी वडिलांचं नावच नाही. अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा आणि फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा.

आणि अर्ज सायबर कॅफेत भरला तर मोबाइल नंबर तुमचाच टाकायला सांगा. एकाच्या सगळ्या अर्जाचे ओटीपी दुकानदाराच्या फोनवर जात होते, आणि परीक्षेच्या आधी ते दुकान बंद झालं होतं.