खाण तशी माती? 'ऑटम सोनाटा'मधल्या माय-लेकींची पार्श्वभूमी

लेक आईच्या वळणावर गेली की आपल्याकडं म्हणतात, 'खाण तशी माती.' कौतुक करायचं असलं तरी हेच, बोल लावायचा असला तरी हेच. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा 'ऑटम सोनाटा' (1978) हा सिनेमा पाहताना ही म्हण माझ्या डोक्यातून जाईना. शार्लट ही देशोदेशी मैफली करणारी पियानोवादक. तिची लेक एव्हा नॉर्वेतल्या एका गावात पाद्र्याची बायको. सात वर्षांनी आई लेकीकडं राहायला येते आणि एका रात्रीत सगळं साचलेलं बाहेर पडतं. या दोघी अशा का, हे समजायला जरा मागं जावं लागतं.

1976 च्या जानेवारीत स्टॉकहोमला नाटकाची तालीम चालू असताना करचुकवेगिरीच्या आरोपावरून पोलिसांनी बर्गमन यांना नेलं. आरोप टिकला नाही, पण ते खचले आणि देश सोडून म्युनिकला गेले. म्हणून स्वीडिश भाषेतला हा सिनेमा नॉर्वेत चित्रित झाला. बर्गमन यांचे वडील कडक पाद्री. आईच्या मायेसाठी आपण लहानपणी किती आसुसलेले होतो, हे बर्गमन यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. सिनेमातलं पियानोवादन त्यांच्या आधीच्या पत्नी कैबी लारेतेई यांचं आहे. एव्हा झाल्या लिव उलमन, आणि लहानपणची एव्हा झाली उलमन आणि बर्गमन यांची मुलगी लिन. एकाच पात्राची दोन वयं खऱ्या माय-लेकींनी वाटून घेतली.

शार्लट झालेल्या इन्ग्रिड बर्गमन दिग्दर्शकाच्या नात्यातल्या नव्हेत, आडनाव तेवढं एक. 1949 साली त्या इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनींच्या सिनेमासाठी इटलीला गेल्या, त्यांच्या प्रेमात पडल्या आणि तिकडंच राहिल्या. दहा वर्षांची लेक पिया अमेरिकेत राहिली. पुढच्या वर्षी तर अमेरिकेच्या सिनेटमध्ये या बाईच्या नावानं खडे फोडले गेले. त्यामुळं शार्लटचे संवाद त्यांच्या तोंडी येतात तेव्हा काळजात चर्र होतं. आई सात वर्षं लेकीचं तोंड बघत नाही, हे त्यांना पटेना. त्यावरून त्या दिग्दर्शकाशी भांडल्या. तोवर त्यांना कर्करोगानं गाठलं होतं. चित्रपटगृहासाठी केलेला हा त्यांचा शेवटचा सिनेमा. 1982 मध्ये त्या गेल्या.

दोघींचे स्वभाव एका प्रसंगात उघडे पडतात. एव्हा पियानोवर शोपँ या संगीतकाराचं प्रेल्यूड, म्हणजे एक छोटीशी रचना वाजवते, भीत भीत, शाबासकीच्या आशेनं. आई ऐकते, मग तेच कसं वाजवायचं ते समजावते आणि स्वतः वाजवून दाखवते. आईची नजर सुरांत, लेकीची आईच्या चेहऱ्यावर. लेक माया मागायला आली होती, आईनं शिकवणी दिली. मला वाटतं, शार्लट दुष्ट नाही. तिला दुसरं काही देताच येत नाही. पुढं ती सांगते की आपल्या आईबापांनी आपल्याला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही.

या सगळ्यामागं मानसशास्त्रातला एक मोठा वाद आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी घर हरवलेल्या मुलांवर अहवाल लिहिला. आईची सलग माया न मिळालेल्या लेकराच्या मनावर खोल परिणाम होतो, असं त्यात मांडलं. त्याचा सोपा अर्थ लोकांनी काढला, की बिघडलं तर आईमुळंच. 1975 साली अमेरिकेतल्या मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी एक पायरी मागं जाऊन दाखवलं, की आईबापांचं स्वतःचं न उलगडलेलं बालपणच तान्ह्याच्या पाळण्यापाशी येऊन उभं राहतं. सिनेमातही बाप होता की घरात. जाब मात्र एकट्या आईला.

मराठवाड्यात बसून हे पाहताना मला ऊसतोडीचा कोयता दिसतो. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेली बीडकडची जोडपी दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातात, लेकरं आजीपाशी राहतात. धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर परतलेली माय मी पाहिली. नऊ वर्षांची पोर आजीच्या लुगड्याआड लपली. मायनं ओढाताण केली नाही. पेटीतून रिबिनी काढून तिच्यापुढं ठेवल्या आणि चुलीपाशी जाऊन बसली. बऱ्याच वेळानं पोर हळूच तिच्या पाठीशी येऊन बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. ही माय मैफलीसाठी गेली नव्हती, उचल फेडायला गेली होती. तरी गावात कुणीतरी म्हणालंच, 'लेकरू टाकून जाती, मग लेकरू तिला वळखंल कसं?' त्या पोरीच्या बापाला हे कुणी विचारलं नाही.

एव्हा रात्रभर आईला धारेवर धरते. सकाळ झाल्यावर आई गाडीनं निघून जाते. त्यानंतर एव्हा आईला पत्र लिहिते, जसं तिनं सुरुवातीला बोलावण्याचं लिहिलं होतं. आपण फार मागत राहिलो, आता तसं करायचं नाही, असं काहीसं त्यात आहे. पाठवण्याआधी ते पत्र तिचा नवरा वाचतो.